रुपयातले आठ पैसे

दिवाळीच्या फराळाची यादी करण्यात आपल्या गृहिणींचा हात धरणारा कोणी नाही. हरभऱ्याच्या डाळीबरोबर ती दळून आणण्याचे पैसे त्यांनी धरलेले असतात, तुपाबरोबर ते ठेवायला बरणी आहे की नाही हे पाहिलेले असते, आणि चकलीचा सोऱ्या शेजारी गेला असेल तर तो वेळेवर परत येण्याची तजवीजही झालेली असते. वस्तूची किंमत निराळी आणि ती घरात नांदवण्याचा खर्च निराळा, हे अर्थशास्त्र त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. परंतु त्याच घरातले कर्ते पुरुष कारखान्यासाठी संगणक घ्यायला निघाले, की हे शहाणपण उंबरठ्याच्या आत ठेवून निघतात!

माझा व्यवसाय लहान कारखान्यांच्या खर्चाचे हिशेब बसवून देण्याचा. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात गेली पंचवीस वर्षे मी या कामासाठी हिंडतो आहे. लेथ, प्रेस, भट्ट्या यांचे हिशेब पुष्कळ केले. पण मालकांची झोप सर्वांत अधिक उडवणारी खरेदी कोणती म्हणाल, तर सर्व्हर आणि त्यावर चालणारे सॉफ्टवेअर. अशाच एका खरेदीचा हिशेब आज वाचकांपुढे मांडतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरचे कोणी ना कोणी या पट्ट्यात नोकरीला असेल. त्यांना तो परका वाटू नये.

कारखान्याचे कोठीघर

सर्व्हर म्हणजे काय, हे आधी घरगुती भाषेत सांगतो. लग्नघरात वाढपी पुष्कळ असतात, पण कोठीघर एकच. लाडू किती गेले, किती उरले, हे कोठी सांभाळणाऱ्या काकूंना ठाऊक. कोठीची किल्ली हरवली तर वाढपी कितीही चपळ असोत, पंगत खोळंबते. कारखान्यातले टेबलावरचे संगणक हे वाढपी, आणि सर्व्हर हे कोठीघर. मागण्या, मालाचा साठा, तपासणीचे आकडे, बिले, पगार, सारे तिथे.

मोटारींचे कारखाने सुटे भाग फार दिवस साठवून ठेवत नाहीत. अमुक भाग, अमुक संख्येने, अमुक वेळी दारात हवा, अशी त्यांची शिस्त असते. पुष्कळ ठिकाणी माल निघण्यापूर्वी त्याची सूचना संगणकावरून पाठवावी लागते आणि तिचा बारकोड कागदांवर छापावा लागतो; नाही तर ट्रक फाटकाबाहेर उभा. शिवाय १ ऑगस्ट २०२३ पासून ज्याची वार्षिक उलाढाल पाच कोटींहून अधिक, त्या पुरवठादाराला दुसऱ्या व्यापाऱ्याला दिलेल्या मालाचे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवून त्याचा क्रमांक घ्यावा लागतो. म्हणजे सर्व्हर बंद पडला, तर माल तयार असूनही तो विकता येत नाही.

हा पट्टा काही एका दिवसात उभा राहिला नाही. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले, आणि त्याच दशकात टेल्को पिंपरीला व बजाज ऑटो आकुर्डीला आले. वडाला पारंब्या फुटाव्या तशी या मोठ्यांच्या आधाराने भोसरीत शेकडो लहान वर्कशॉपे निघाली. पुढे चाकणला बजाजचा कारखाना १९९९ साली, फोक्सवॅगनचा २००९ साली, महिंद्रचा २०१० साली सुरू झाला, तेव्हा या पारंब्या नाशिक रस्त्याने चाकणपर्यंत गेल्या. वड मोठे झाले तसे पारंब्यांनाही वडाच्या शिस्तीने वागणे भाग पडले. सर्व्हर हा त्या शिस्तीचाच एक भाग.

अण्णांचे पंधरा लाख

आता मूळ हिशेबाकडे वळतो. भोसरीतल्या एका कारखान्याचे मालक सर्वांचे ‘अण्णा’ आहेत. टूलरूममध्ये हात काळे करून वर आलेले गृहस्थ. ब्रेकसाठी लागणारे लहान भाग ते कातून देतात. चाळीस माणसे, उलाढाल बारा कोटींच्या आसपास. वहिनी पहिल्या दिवसापासून हिशेबाच्या वह्या सांभाळतात. गेल्या वर्षी श्रावणात अण्णांनी मला बोलावले. त्यांचा जुना सर्व्हर विंडोज सर्व्हरच्या २०१२ च्या आवृत्तीवर चालत होता. त्या आवृत्तीची दुरुस्ती तिच्या निर्मात्यांनी १० ऑक्टोबर २०२३ रोजी थांबवली. ज्या वाड्याची कुलुपे यापुढे कोणी दुरुस्त करणार नाही, त्या वाड्यात दागिने ठेवण्यासारखेच ते झाले होते.

अण्णांनी गाठीला पंधरा लाख बांधले होते. त्यांतले सहा लाख एका नव्या मशीनिंग सेंटरची सुरुवातीची रक्कम म्हणून द्यायचे होते. ते यंत्र आले, की आयटीआय करून आलेल्या आणि उमेदवारी संपत आलेल्या दोन मुलांना कायम करायचे, असा अण्णांनी शब्द दिला होता. उरलेल्या नऊ लाखांत सर्व्हर बसवायचा.

“बसतोय की!” अण्णा म्हणाले आणि त्यांनी कोटेशन पुढे केले. एकच पान. यंत्राची किंमत चार लाख. खाली विक्रेत्याची मखलाशी: आणखी साठ हजार टाका, दुप्पट कोअरचे यंत्र घेऊन जा.

“भाऊजी,” वहिनी म्हणाल्या, “यात यंत्र आहे. त्याच्या पोटात घालायचं काय, ते कुठं लिहिलंय?”

मी त्यांच्याचकडून एक कोरा ताव मागून घेतला आणि पाच वर्षांचा हिशेब मांडला. बाजारात दर खालीवर होतात. हे त्या वेळचे गोळाबेरीज आकडे आहेत.

यंत्र: ४,००,०००
ऑपरेटिंग सिस्टिम व माणशी परवाने: २,००,०००
डेटाबेसचा परवाना: ५,००,०००
प्रोग्राम लिहिण्याची साधने: २,००,०००
यूपीएस, व तिसऱ्या वर्षी नव्या बॅटऱ्या: १,५०,०००
बॅकअपची सामग्री: १,५०,०००
हमी संपल्यानंतरची देखभाल: १,००,०००
वीज: २,६०,०००
चाचणीसाठी जुने यंत्र: ४०,०००
एकूण: २०,००,०००

विजेचा आकडा पाहून अण्णा चमकले. पण गणित सरळ आहे. यंत्र सरासरी तीनशे वॅट ओढते असे धरा. ते रात्रंदिवस चालते. वर्षाचे तास ८,७६०, म्हणजे २,६२८ युनिटे झाली. खोली थंड ठेवायला तितकीच आणखी. युनिटला दहा रुपये धरले, तरी वर्षाला साडेबावन्न हजार!

आणि या यादीत एक नाव मी मुद्दाम शेवटी घातले. अण्णांचे सॉफ्टवेअर घरचे होते. एका तरुण प्रोग्रामरने नऊ वर्षे खपून ते वाढवलेले. त्याचा पगार महिना पन्नास हजार. पाच वर्षांचे तीस लाख, तेही पगारवाढ न धरता. एकंदर पन्नास लाख. ज्या यंत्रासाठी अण्णा चार दुकाने हिंडले आणि पाच हजारांसाठी दोन तास घासाघीस करीत बसले, ते यंत्र म्हणजे या संसारात रुपयातले आठ पैसे!

सर्व्हरांतला मध्यमवर्ग

साठ हजारांत दुप्पट यंत्र मिळत असताना ते का घेऊ नये? याचे उत्तर समजायला थोडा इतिहास पाहावा लागतो.

संगणकांतही मध्यमवर्ग आहे. वर बँकांचे अजस्र मेनफ्रेम, खाली टेबलावरचे संगणक, आणि मध्ये मध्यम धंद्यांचे सर्व्हर. या वर्गाचे एक नामांकित घराणे म्हणजे आयबीएमचे. १९७८ साली त्यांनी ‘सिस्टिम/३८’ हे यंत्र जाहीर केले; त्याच वर्षी ही कंपनी परकीय भांडवलाच्या कायद्यावरून भारतातून निघून गेली होती. २१ जून १९८८ रोजी त्या यंत्राचा प्रसिद्ध वारस ‘एएस/४००’ जाहीर झाला. १९९२ साली टाटांच्या भागीदारीत कंपनी परत आली. ‘एएस/४००’ चे वैशिष्ट्य असे की डेटाबेस वेगळा आणावा लागत नसे. तो यंत्राच्या ऑपरेटिंग सिस्टिमचाच भाग. आज ‘आयबीएम आय’ या नावाने ते घराणे नांदते आहे, आणि १९५९ साली जन्मलेल्या आरपीजी या भाषेत लिहिलेले प्रोग्राम तिथे अजून चालतात.

पण या घराण्याची आणखी एक रीत होती. प्रोग्रामरने लिहिलेला मजकूर यंत्राला कळेल अशा रूपात आणतो तो कंपायलर. तो वेगळा विकत घ्यावा लागे, आणि त्याचा दर यंत्राच्या पायरीवर ठरे. कंपायलर तोच, पण मोठ्या यंत्रावर चढवला की महाग. कढई तीच, पण चूल मोठी म्हणून कढईचे भाडे जास्त!

ही रीत आज निराळ्या वेषात सर्वत्र दिसते. कोअर म्हणजे यंत्राच्या मेंदूचे कप्पे. विंडोज सर्व्हरचा परवाना कोअर मोजून मिळतो. किमान सोळा कोअरचे पैसे द्यावेच लागतात, मग यंत्रात आठच का असेनात. आणि बत्तीस असतील तर रक्कम दुप्पट. डेटाबेसचाही कोअरवारी परवाना घेतला तर तिथेही तेच. म्हणजे विक्रेत्याचे साठ हजार हे गळाला लावलेले आमिष होते. अण्णांच्या वीस माणसांच्या कामाला सोळा कोअर भरपूर होते.

माणशी परवान्यातही मेख असते. टेबलावर बसणाराच मोजायचा नसतो. स्टोअरमध्ये बारकोड वाचणारा, दोन पाळ्यांत काम करणारा, तोही मोजावा लागतो. शिवाय एकदा घेतलेला परवाना कायमचा, या भरवशावरही राहता येत नाही. एका यंत्रात अनेक यंत्रे थाटून देणारी व्हीएमवेअर ही कंपनी नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमचे परवाने विकणे बंद करून वार्षिक वर्गणी सुरू केली. तेव्हा अंदाजपत्रकात दहा टक्के रक्कम निनावी ठेवावी, हा माझा नियम आहे.

फुकट कोणासाठी?

वीस लाखांचा ताव पाहून अण्णा गप्प झाले. पहिल्याच वर्षी चौदा लाख लागत होते. उरणार एक लाख. म्हणजे मशीनिंग सेंटर गेले, आणि त्या दोन मुलांना दिलेला शब्दही.

“पण साधनं तर फुकट मिळतात म्हणतात,” अण्णा म्हणाले. “पोरगा तेच वापरतोय.”

फुकट या शब्दाखाली बारीक अक्षरांत काय लिहिले आहे, ते वाचावे लागते. मायक्रोसॉफ्टचे व्हिज्युअल स्टुडिओ हे साधन ‘कम्युनिटी’ रूपात विनामूल्य आहे. पण ज्या संस्थेत अडीचशेहून अधिक संगणक आहेत, किंवा जिची वर्षाची मिळकत दहा लाख डॉलरांहून जास्त आहे, तिला आपल्या धंद्याचे प्रोग्राम त्यावर लिहिण्याची मुभा नाही. अण्णांची बारा कोटींची उलाढाल ही मर्यादा केव्हाच ओलांडून गेली होती. एसक्यूएल सर्व्हरची ‘डेव्हलपर’ आवृत्ती फुकट आहे, पण ती प्रोग्राम लिहिण्यापुरती आणि तपासण्यापुरती. रोजची बिले त्यावर काढता येत नाहीत.

खरोखर फुकट वस्तूही असतात. पोस्टग्रेस हा डेटाबेस १९८६ साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात सुरू झालेल्या प्रकल्पातून निघाला. त्याला ना कोअरची मोजणी, ना माणशी पट्टी. व्हीएस कोड हे लिहिण्याचे साधन धंद्यासाठीही विनामूल्य आहे. या दोहोंनी यादीतले सात लाख वाचत होते. मात्र जुने प्रोग्राम नव्या डेटाबेसवर बसवायला प्रोग्रामरचे चार महिने जाणार होते. म्हणजे दोन लाखांचा पगार, आणि तेवढे दिवस दुसरे काम बंद. फुकटची किंमत दोन लाख! तरीही सौदा फायद्याचा होता, कारण ते दोन लाख परदेशी जाणार नव्हते. पगाराच्या रूपाने भोसरीतच राहणार होते.

क्लाउडचाही विचार झाला. ते भाड्याचे घर: डागडुजीची कटकट नाही, पण भाडे दरमहा आणि बऱ्याचदा डॉलरच्या भावावर हलणारे. ज्याचे काम महिन्यागणिक कमीजास्त होते, त्याला ते सोयीचे. अण्णांचे काम बारमाही एकसारखे; आणि रस्ता खणताना इंटरनेटची तार तुटली म्हणून लेथजवळची नोंद थांबवणे त्यांना परवडणारे नव्हते. म्हणून घर स्वतःचेच ठरले.

प्रोग्राम हेही साहित्य!

दिवाळी अंकाच्या वाचकांना गंमत वाटेल अशी एक गोष्ट सांगतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या दृष्टीने संगणकाचा प्रोग्राम ही ‘साहित्यकृती’ आहे! कथाकाराचे आणि प्रोग्रामरचे हक्क एकाच पानावर येतात. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला प्रोग्राम, वेगळा करार नसेल तर, मालकाचा. पण बाहेरच्या माणसाकडून पैसे देऊन लिहून घेतला, तर हक्क लिहिणाराचाच राहतो. तो लेखी करारानेच आपल्याकडे येतो. त्यातही मुदत लिहिली नाही, तर ती पाच वर्षांचीच धरली जाते.

अण्णांचा बिलांचा भाग सुरुवातीला बाहेरच्या एका सल्लागाराने लिहिला होता. पैसे चुकते झाले होते, चहापाणी झाले होते, कागद मात्र एकही नव्हता. सल्लागार भला निघाला. वहिनींनी त्याच्याकडून मुदतीच्या उल्लेखासह सही घेतली आणि मूळ मजकुराची प्रत कपाटात ठेवली. या कामाचा खर्च वकिलाच्या फीएवढाच. पण तो राहून गेला असता तर साऱ्या डोलाऱ्याचा पायाच दुसऱ्याच्या जमिनीवर राहिला असता.

वहिनींचा प्रश्न

यूपीएस, बॅकअप ही नावे यादीत आली की मालकांचा हात आखडतो. परंतु अण्णांची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड. हिशेबाची पुस्तके आठ वर्षे जपणे, त्यांची रोजची प्रत भारतातल्या सर्व्हरवर ठेवणे, आणि १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद राहणे हे कायद्यानेच बंधनकारक. शिवाय खंडणीखोर आहेतच. ते दुरून शिरून सारी माहिती कुलूपबंद करतात आणि किल्लीचे पैसे मागतात. कायम जोडून ठेवलेली बॅकअपची तबकडीही त्याच कुलपात जाते. म्हणून प्रती तीन, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि एक गावाबाहेर, हा जुनाजाणता नियम. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी. तेव्हा बुधवारी संध्याकाळी तिसरी प्रत वहिनींच्या पर्समधून घरी जाऊ लागली.

सर्वांत मोलाचा प्रश्नही वहिनींनीच विचारला. “भाऊजी, तो पोरगा उद्या हिंजवडीला गेला, तर हे पन्नास लाखांचं कोठीघर उघडायचं कोणी?”

अण्णा म्हणाले, “तो नाही जायचा. घरच्यासारखा आहे.”

“घरचीसुद्धा मुलं जातातच की,” वहिनी म्हणाल्या.

या प्रश्नाला यादीत रकाना नसतो, आणि खरा धोका तिथेच असतो. डिस्पॅचला बसणारी एक मुलगी पदविका झालेली होती. तिला रोज एक तास त्या तरुणाजवळ बसवायचे ठरले. प्रत्येक बदलाची नोंद राहावी म्हणून गिट वापरायचे ठरले, तेही विनामूल्य. आणि दर तीन महिन्यांनी एका गुरुवारी, बदली रजा देऊन, बॅकअपवरून सारा कारखाना त्या चाळीस हजारांच्या जुन्या यंत्रावर उभा करून पाहायचा, आणि तोही त्या मुलीने. जो बॅकअप कधी उलगडून पाहिला नाही, तो बॅकअप नव्हे. ती नुसती समजूत.

मुहूर्त

राहता राहिला मुहूर्त. अण्णांचा आग्रह धनत्रयोदशीचा. मी त्यांना आयकराचे पंचांग दाखवले. संगणकावर वर्षाला चाळीस टक्के घसारा मिळतो. पण वर्षात १८० दिवसांहून कमी वापर झाला तर त्या वर्षी निम्माच. ३१ मार्चपासून मागे मोजत गेलो तर ही रेषा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात येते. दिवाळी कधीच तिच्या आत येत नाही. चार लाखांच्या यंत्रावर पहिल्या वर्षी एक लाख साठ हजारांऐवजी ऐंशी हजार! अण्णांनी सप्टेंबरात सर्व्हर चालू केला आणि धनत्रयोदशीला त्याच्यावर नुसती फुले वाहिली.

पहिल्या वर्षीचा खर्च असा झाला: यंत्र चार लाख, ऑपरेटिंग सिस्टिम व परवाने दोन लाख, यूपीएस एक लाख दहा हजार, बॅकअप एक लाख दहा हजार, चाचणीचे यंत्र चाळीस हजार. एकूण आठ लाख साठ हजार. त्यावरचा अठरा टक्के जीएसटी पुढच्या देण्यातून वळता झाला. नऊ लाखांतले चाळीस हजार उरले आणि सहा लाखांना हात लागला नाही.

मशीनिंग सेंटर जानेवारीत आले. जूनमध्ये तो प्रोग्रामर खरोखरच हिंजवडीला गेला. अण्णांनी त्याला पेढे देऊन निरोप दिला. नवा माणूस मिळेपर्यंत पाच आठवडे गेले. तेवढ्या काळात डिस्पॅचच्या त्या मुलीने कोठीघर एकटीने सांभाळले आणि एकही ट्रक फाटकाबाहेर थांबला नाही. आता तिचे टेबल आणि पगार दोन्ही बदलले आहेत.

वाचकांपैकी कोणाच्या घरी अशी खरेदी निघाली, तर सही करण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत. यंत्र सोडून बाकी खर्च किती? परवाना कशावर मोजला आहे? दुरुस्ती किती वर्षे मिळणार? प्रोग्रामचा हक्क कोणाच्या नावे? आणि तो जाणणारी माणसे किती? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘एक’ असे आले, तर यंत्राची घासाघीस बाजूला ठेवून आधी दुसरे माणूस तयार करावे.

मशीनिंग सेंटरवरची ती दोन्ही मुले आता कायम झाली आहेत. या दिवाळीत त्यांच्या हातात पहिला बोनस पडला.